बाबांचे भंगार आणि शनीची कडी

शनी तुम्ही कुठे पाहिला आहे? पत्रिकेच्या घरात, साडेसातीच्या गप्पांमध्ये, शनिवारी तेल वाहायला लागलेल्या रांगेत तर आपण सगळेच त्याला भेटतो. पण आकाशात, आपल्या डोळ्यांनी, त्याच्या कड्यांसकट?

चार वर्षांपूर्वी हा प्रश्न मला कोणी विचारला असता, तर मीही मान हलवली असती. आम्ही इंदूरला राहतो. घरात सासरे, नवरा, मी आणि लेक. सासऱ्यांना मी बाबा म्हणते. बाबा गिरणीत फिटर होते. गिरणी बंद पडली, पण हातांना लागलेली सवय गेली नाही. दर रविवारी जुन्या बाजारात चक्कर मारायची आणि पिशवीतून काहीतरी घेऊन यायचे. कधी पाना, कधी बेअरिंग, कधी घड्याळाचा सांगाडा. आम्ही सगळे त्याला एकच नाव द्यायचो, 'बाबांचे भंगार'.

एका रविवारी पिशवीतून पितळी कड्यात बसवलेले एक भिंग निघाले. बशीएवढे मोठे, जड, कडेला बुरशीचे जाळे. विकणाऱ्याला ते कशाचे हे ठाऊक नव्हते. बाबांनी ६०० रुपये दिले होते. "एवढ्या पैशांत गॅसची अर्धी टाकी आली असती," असे मी बोलूनही गेले. बाबा काही बोलले नाहीत. त्यांनी ते जुन्या बनियनमध्ये गुंडाळून कपाटात ठेवले.

ते बाहेर काढले लेकीने. आठवीच्या पुस्तकात भिंगांचा विषय डोळ्यांखालून गेला होता आणि तिला दुर्बीण हवी होती. दुकानातल्या दुर्बिणीची किंमत ऐकून आम्ही गप्प झालो. तेव्हा ती म्हणाली, "आजोबांकडे आहे की भिंग!"

तुमच्याही घरात, एखाद्या नातेवाइकाच्या माळ्यावर किंवा जवळच्या जुन्या बाजारात असे मोठे भिंग असू शकते. ते हाती लागले, तर काय करायचे आणि काय अजिबात करायचे नाही, हे आमच्या चुकांसकट सांगते.

भिंग कसले आहे, ते आधी ओळखा

मोठे भिंग म्हणजे चांगली दुर्बीण, असा आपला समज असतो. तो अर्धाच खरा आहे. भिंग मोठे असेल तर प्रकाश जास्त गोळा होतो. अंधारात आपली बाहुली जास्तीत जास्त ७ मिमीपर्यंत उघडते. आमचे भिंग १०० मिमी व्यासाचे. म्हणजे डोळ्याच्या सुमारे २०० पट प्रकाश ते गोळा करते. पण तो प्रकाश एका जागी नीट जुळतो का, हे भिंगाच्या घडणीवर अवलंबून असते.

पहिली तपासणी अशी करा. खोलीत एकच दिवा लावा आणि भिंगावर त्याची प्रतिबिंबे मोजा. दोनच दिसली तर काच एकच आहे. चार दिसली तर दोन काचा आहेत आणि मध्ये हवेची फट आहे. तीन दिसली, त्यातले एक अगदी फिके, तर दोन काचा एकमेकींना चिकटवलेल्या आहेत. आमच्या भिंगात लेकीने चार ठिपके मोजले. बाबांचा चेहरा तेव्हाच उजळला होता.

दुसरी तपासणी अंतराची. दिवसा खोलीत थोडा अंधार करा. खिडकीतून दिसणारी दूरची पाण्याची टाकी किंवा इमारत भिंगातून समोरच्या पांढऱ्या कागदावर पाडा. चित्र उलटे पडेल. ते सर्वांत रेखीव दिसेल तिथे कागद थांबवा आणि भिंगापासून कागदापर्यंतचे अंतर टेपने मोजा. हेच त्याचे नाभीय अंतर. वस्तू किमान दोन-तीनशे मीटर लांब असू द्या, म्हणजे मोजमापात फारशी चूक राहत नाही. आमचे अंतर १२०० मिमी भरले. सूर्यावर धरून हे अंतर कधीही मोजू नका. का ते पुढे येईलच.

आता एक सोपा भागाकार. नाभीय अंतराला व्यासाने भागा. १२०० भागिले १०० म्हणजे १२. हा आकडा जितका मोठा, तितकी चित्रातली रंगांची गडबड कमी. वाचनासाठी वापरतात त्या मोठ्या भिंगाचा हा आकडा दोन-तीनच असतो. त्यामुळे ते कितीही मोठे असले, तरी दुर्बिणीच्या तोंडाशी लावायच्या कामाचे नाही.

काचेतले रंगांचे भांडण

पांढऱ्या प्रकाशात सगळे रंग असतात आणि काच प्रत्येक रंगाला थोडे वेगळे वळवते. निळा आधी जुळतो, तांबडा नंतर. आमच्याएवढ्या नाभीय अंतराची साधी, एका काचेची भिंग घेतली, तर निळा आणि तांबडा जुळण्याच्या जागांमध्ये सुमारे २० मिमीचे अंतर पडते. एक रंग नीट लावावा, तर दुसरा पसरतो. चंद्राला जांभळी किनार येते आणि ग्रह रंगीत गोळा दिसतो.

या भांडणाने दुर्बिणींचा इतिहास घडवला. गॅलिलिओने १६०९ साली दुर्बीण आकाशाकडे वळवली, तेव्हा तो भिंगावर भोक पाडलेला पुठ्ठा लावून फक्त मधला भाग वापरत असे. त्याने १६१० मध्ये शनी पाहिला, पण कडी ओळखू आली नाहीत. ग्रहाला दोन्ही बाजूंना काहीतरी चिकटले आहे एवढेच त्याला दिसले. हॉलंडच्या ख्रिस्तियान हायगेन्सने साडेतीन मीटरच्या आसपास लांबीची दुर्बीण केली, १६५५ मध्ये शनीचा टायटन हा चंद्र शोधला आणि १६५९ मध्ये कड्याचे कोडे जगासमोर उलगडले. रंगांची गडबड कमी व्हावी म्हणून दुर्बिणी लांबच लांब होत गेल्या. हेवेलियस या खगोलप्रेमीने तर सुमारे ४६ मीटर लांबीची दुर्बीण खांबाला दोऱ्यांनी टांगली होती. वारा आला की ती डोलायची.

आपल्या देशातही लांब दुर्बिणींचे ते दिवस येऊन गेले. १६८९ च्या डिसेंबरात पुदुच्चेरीमध्ये ज्याँ रिशो या फ्रेंच धर्मगुरूने धूमकेतू पाहता पाहता मित्र हा तेजस्वी तारा एक नसून जोडतारा आहे हे टिपले. मित्र म्हणजे अल्फा सेंटॉरी.

उपाय निघाला तो दोन काचांचा. एक बहिर्वक्र, दुसरी वेगळ्या जातीच्या काचेची अंतर्वक्र. पहिली रंग पसरवते, दुसरी ते बरेचसे परत जुळवते. इंग्लंडमध्ये जॉन डॉलंडला १७५८ मध्ये या जोडभिंगाचे पेटंट मिळाले. आमच्या भिंगात दोन काचा होत्या, म्हणून वीस मिलिमीटरचे ते भांडण एका मिलिमीटरच्याही आत आले होते.

तुमच्या भिंगात एकच काच निघाली तर? निराश होऊ नका. काळ्या पुठ्ठ्याला मधोमध २५ ते ३० मिमीचे गोल भोक पाडा आणि तो भिंगासमोर लावा. प्रकाश बराच कमी होईल, पण चित्र सुधारेल. जुने भिंग नसेलच, तर चष्म्याच्या दुकानात जा आणि अधिक एक नंबरची, न कापलेली गोल काच मागा. तिचे नाभीय अंतर एक मीटर असते. तिलाही असाच पुठ्ठा लावा. चंद्रावरची विवरे आणि गुरूचे चंद्र यातून दिसतील. शनी मात्र लांबट ठिपक्यापलीकडे फारसा जाणार नाही.

आधी फळीवर, मग नळीत

आमची पहिली चूक इथे झाली आणि ती मी केली.

कडेची बुरशी मला बघवत नव्हती. एका दुपारी मी पितळी कडे उघडून दोन्ही काचा बाहेर काढल्या, साबणाच्या कोमट पाण्यात धुतल्या, मऊ कापडाने टिपल्या आणि परत बसवल्या. घासूनपुसून लख्ख. संध्याकाळी बाबांनी लांब फळी आणली. तिच्या एका टोकाला कणकेच्या गोळ्यावर भिंग उभे केले, दुसऱ्या टोकाला नेत्रिका, म्हणजे डोळ्याजवळचे छोटे भिंग, आणि फळी टाकीकडे वळवली. टाकीवरची अक्षरे धूसर. पुढे-मागे करूनही धूसरच. लेक म्हणाली, "आई, हे तर धुक्यातून बघितल्यासारखं दिसतंय."

बाबांनी भिंग हातात घेतले, उजेडात फिरवले आणि विचारले, "काढण्याआधी खूण केली होतीस?"

खूण? मी कसली खूण करणार! दोन काचांमध्ये तीन ठिकाणी नखाएवढे पातळ पत्र्याचे तुकडे होते, फट सारखी ठेवण्यासाठी. त्यातला एक धुताना मोरीत गेला होता. आणि भिंगाची जोडी मी उलटी बसवली होती. मागची काच पुढे आली होती.

म्हणून लक्षात ठेवा. जोडभिंग उघडायची वेळ आलीच, तर आधी दोन्ही काचांच्या कडेवर पेन्सिलने मिळून एक बाण काढा. बाणाचे टोक पुढच्या दिशेला हवे. मग काचा पुन्हा त्याच तोंडाने आणि त्याच कोनात बसतात. मधले तुकडे आधी एका वाटीत काढून घ्या. आणि खरे सांगायचे तर थोड्याशा बुरशीने काही बिघडत नाही, उघडूच नका.

खूण नसेल तर? खिडकीचे प्रतिबिंब दोन्ही बाहेरच्या पृष्ठभागांवर पाहा. जास्त फुगीर बाजूवर ते लहान दिसते. सर्वसाधारण जोडभिंगात ही फुगीर बाजू आकाशाकडे असते आणि सपाटीकडे झुकणारी बाजू डोळ्याकडे. बाबांनी जोडी फिरवली, ॲल्युमिनियमच्या पट्टीचे तीन सारखे तुकडे कापून मध्ये ठेवले आणि पुन्हा कणकेवर भिंग उभे राहिले. या वेळी टाकीवरची अक्षरे वाचता आली. उलटी, पण वाचता आली.

आकाशाच्या दुर्बिणीत चित्र उलटेच दिसते. आकाशात वर-खाली असे काही नसल्यामुळे त्याने काही बिघडत नाही.

फळीवरच्या या प्रयोगाशिवाय पाइप कापू नका. भिंग आणि नेत्रिका किती अंतरावर नीट जुळतात ते फळीवर कळते, आणि एकदा कापलेला पाइप लांब करता येत नाही.

नळी, चकत्या आणि नेत्रिका

नळीसाठी आम्ही सांडपाण्याचा ११० मिमीचा पीव्हीसी पाइप वापरला. प्लंबिंगच्या दुकानात तो सहज मिळतो. आमचे भिंग पितळी कडे काढून त्यात थोडे सैल बसत होते. ती फट मऊ नमद्याच्या पट्टीने भरली. इथे एक गोष्ट जपा. भिंग घट्ट आवळू नका. स्क्रूने दाबलेली काच किंचित वाकते आणि तारे गोल न दिसता तिकोनी दिसतात. भिंग हलवल्यावर अगदी बारीक खुट्ट झाले पाहिजे, इतपतच पकड ठेवा.

पाइपची लांबी भिंगाच्या नाभीय अंतरापेक्षा कमी ठेवायची. उरलेले अंतर सरकती छोटी नळी भरून काढते. आम्ही मोठा पाइप १००० मिमी ठेवला. मागच्या टोकाला बाबांनी लाकडी गोल बसवला, मधोमध भोक पाडले आणि त्यात नेत्रिकेची नळी सरकवली. भोकाला आतून मखमलीची पट्टी लावली, म्हणजे नळी पुढे-मागे सरकते पण लुळी पडत नाही. नेत्रिका बहुतेक ठिकाणी सव्वा इंची मापाची मिळते. नळी घेताना ती हातात घेऊनच दुकानात जा.

पाइपच्या आतला चकचकीतपणा घालवायला हवा. नाहीतर रस्त्यावरच्या दिव्याचा उजेड आतल्या आत उड्या मारतो आणि काळे आकाश राखाडी होते. आम्ही आत फळ्याचा काळा रंग दिला आणि काळ्या पुठ्ठ्याच्या भोक पाडलेल्या तीन चकत्या बसवल्या. भिंगापासून नेत्रिकेकडे जाताना भोके लहान होत जातात. भिंगातून येणारा प्रकाशाचा शंकू अडू नये आणि बाकीचा भटका उजेड अडावा, एवढेच त्यांचे काम. भिंगाच्या पुढे पाइपचा आणखी वीतभर तुकडा टोपीसारखा ठेवा. हिवाळ्यात भिंगावर दव पडते, ते त्याने बरेच थांबते.

दुर्बीण किती पट मोठे दाखवते? भिंगाच्या नाभीय अंतराला नेत्रिकेच्या नाभीय अंतराने भागा. २५ मिमीची नेत्रिका लावली तर १२०० भागिले २५, म्हणजे ४८ पट. १० मिमीची लावली तर १२० पट. 'पाचशे पट दाखवते' अशा जाहिरातींना भुलू नका. भिंगाचा व्यास मिलिमीटरमध्ये जितका, त्याच्या दुपटीपलीकडे चित्र फक्त मोठे आणि मळकट होते. घरच्या वापराला ५० ते १२० पट भरपूर आहे.

आणखी एक छोटी वस्तू जरूर घ्या, काटकोनात वळवणारा आरसा. वर पाहताना मान मोडत नाही आणि बाबांसारख्यांना स्टुलावर बसून पाहता येते. त्यामुळे चित्र सुलटे होते, फक्त डावे-उजवे बदलते. हा आरसा प्रकाशाच्या वाटेतले आठ-दहा सेंटीमीटर खातो, म्हणून फळीवरच्या प्रयोगात तोही लावून बघा.

डोलणारी दुर्बीण निरुपयोगी

घरच्या दुर्बिणी बहुतेक वेळा भिंगामुळे नाही, तर उभ्या करण्याच्या ढिसाळपणामुळे फसतात. ५० पट मोठे दाखवणारी दुर्बीण हाताचा थरथराटही ५० पट दाखवते.

आमच्या सुताराने जाड प्लायवूडचा खोका केला. दोन्ही बाजूंना अर्धगोल खाचा, त्यात नळीला लावलेल्या लाकडी चकत्या टेकतात. नळी वर-खाली होते. खोका खालच्या पाटावर गोल फिरतो. पाटाला सनमायका आणि त्यावर टेफ्लॉनचे तीन तुकडे लावले, म्हणजे बोटाने ढकलले तरी सरकते आणि सोडले की थांबते. भिंगाची नळी लांब असते. ती वर वळवली की डोळ्याची बाजू खाली जाते. म्हणून नळीचा मधला आधार जमिनीपासून सुमारे दीड मीटरवर यावा. आम्ही खोका जुन्या लोखंडी टेबलावर ठेवला आणि टेबलाच्या पायांना वाळूच्या पिशव्या बांधल्या.

नळीवर बंदुकीसारखी नेमाची सोय हवीच. ४८ पटीला एका वेळी आकाशाचा एक अंशाएवढाच तुकडा दिसतो, म्हणजे दोन पौर्णिमेचे चंद्र शेजारी शेजारी ठेवावेत तेवढा. नेम नसेल तर शनी शोधण्यातच रात्र जाते. आम्ही नळीच्या पाठीवर दोन छोटे नटबोल्ट लावले. मागच्याच्या डोक्यावरून पुढच्याच्या डोक्यावर नजर लावायची.

ती सकाळ

हा भाग मुलांना मोठ्याने वाचून दाखवा.

आतला रंग वाळावा म्हणून आम्ही नळी पूर्वेकडच्या बाल्कनीत टेकवून ठेवली होती. भिंग बसवलेले होते, नेत्रिका नव्हती. रविवार होता. मी स्वयंपाकघरात, नवरा पेपर वाचत. लेक बाल्कनीत गेली. नळीच्या मागच्या भोकातून आत बघायला ती वाकणार, तेवढ्यात तिला जळका वास आला. "आजोबा, यातून धूर येतोय!"

बाबा धावत गेले. त्यांनी तिला बाजूला केले आणि आपला तळहात भिंगासमोर, नळीच्या तोंडावर धरला. धूर थांबला. नळी योगायोगाने उगवून वर आलेल्या सूर्याकडे तोंड करून होती. नंतर आम्ही आतून पाहिले, तर शेवटच्या चकतीवर वाकडी करपलेली रेघ उमटली होती. सूर्य सरकला तसा त्याचा ठिपका पुठ्ठा जाळत गेला होता.

तिचा डोळा त्या भोकापासून हातभर अंतरावर होता.

बाबा ओरडले नाहीत. त्यांनी तिचा हात धरून तिला ती रेघ दाखवली. त्या दिवशी मी जेवले नाही.

बशीएवढ्या भिंगावर पडणारे सगळे ऊन बोटाच्या पेराएवढ्या ठिपक्यात जमा होते. डोळ्याच्या पडद्याला वेदना होत नाही, त्यामुळे इजा होते तेव्हा कळतही नाही. म्हणून आमच्या घराचे नियम तुम्हीही घ्या:

• दुर्बीण सूर्याकडे वळवायची नाही. गॉगल, एक्स-रेची फिल्म, काजळी धरलेली काच, काहीही लावून नाही.

• सूर्य पाहायचाच असेल, तर सूर्यासाठीच बनवलेली फिल्म भिंगाच्या पुढे, घट्ट बसवून, जाणत्या माणसाच्या हजेरीत. नेत्रिकेला लावायची गाळणी तापून तडकू शकते.

• दिवसा भिंगावर झाकण असलेच पाहिजे. बाबांनी आमच्या नळीला लाडूच्या डब्याचे झाकण बसवले आणि ते साखळीने नळीलाच बांधले.

• दुर्बीण सूर्य मावळल्यावरच बाहेर काढायची. उघडे भिंग खिडकीत किंवा बाल्कनीत ठेवायचे नाही, नळीत नसले तरीही.

तो नियम आम्हाला लगेच पाळावा लागला. २५ ऑक्टोबर २०२२, दिवाळीचा दुसरा दिवस. संध्याकाळी खंडग्रास सूर्यग्रहण होते. घरात पाहुणे होते आणि सगळ्यांना वाटत होते की दुर्बीण तयारच आहे, तर दाखवा ग्रहण. दीर म्हणाले, "एक सेकंदच बघू, वहिनी." फिल्म आमच्याकडे नव्हती. मी नाही म्हटले. थोडी नाराजी झाली. मग लेकीने पुठ्ठ्याला टाचणीने भोक पाडून भिंतीवर छोटा, एका बाजूने खाल्लेला सूर्य पाडला आणि पाठ सूर्याकडे करून सगळ्यांनी तोच पाहिला.

भाऊबिजेची रात्र

दुसऱ्या दिवशी भाऊबीज. शहरातल्या गच्चीवरून ग्रह दिसतात, त्यांना फार काळोख लागत नाही. तरी आम्ही देवासजवळ नणंदेच्या शेतावर गेलो. दुर्बीण गाडीतून उतरवून अर्धा तास बाहेर ठेवली, कारण भिंग आणि बाहेरची हवा एका तापमानाला आली नाहीत तर चित्र थरथरते.

आधी गुरू. एक छोटी चकती, तिच्यावर फिकट पट्टे, आणि आजूबाजूला एका ओळीत गॅलिलिओने १६१० च्या जानेवारीत पाहिलेले चंद्र. मग नळी दक्षिणेकडे, शनीवर. लेकीने नेम धरला, नळी सरकवली, नेत्रिका पुढे-मागे केली. ती काहीच बोलेना. मी विचारले, "दिसतोय का?" ती हळूच म्हणाली, "आई, खरंच कडं आहे."

शनी दुर्बिणीत मोठा दिसत नाही. पुस्तकातल्या चित्राची अपेक्षा ठेवू नका. एक इवलासा पिवळसर मणी, भोवती तिरके कडे, बाजूला टायटनचा ठिपका. पण तो आत्ता, तिथे असतो. आणि एका जागी थांबत नाही. पृथ्वी फिरते, म्हणून चार मिनिटांत तो या कडेपासून त्या कडेपर्यंत जाऊन बाहेर पडतो. पुढच्या माणसासाठी नळी परत सरकवावी लागते.

मग बाबा स्टुलावर बसले. त्यांच्या एका डोळ्याचे मोतीबिंदूचे ऑपरेशन झालेले. त्यांना वाटत होते की चष्मा आहे म्हणजे नीट दिसणार नाही. तुमच्याही घरात हा प्रश्न येईल, म्हणून सांगते. जवळचा किंवा लांबचा नंबर असेल तर चष्मा काढून पाहता येते, नेत्रिका थोडी पुढे-मागे केली की चित्र जुळते. तिरका नंबर जास्त असेल तर मात्र चष्मा ठेवावा. प्रत्येकाने आपल्या डोळ्याला जुळवून घ्यायचे, आधीच्या माणसाचे चित्र आपल्याला चालत नाही. मुलांना नळीला हात न लावता पाहायची सवय लावा, हात मागे बांधून उभे करा.

बाबांनी बराच वेळ पाहिले. मग डोळा काढून लेकीला विचारले, "आत चित्र तर नाही चिकटवलंस?"

ती हसली. बाबा उठले, नळीच्या पुढच्या टोकाशी गेले आणि तळहात भिंगासमोर धरून म्हणाले, "आता बघ." तिने पाहिले. "गेला." त्यांनी हात काढला. "आला!"

तेव्हा कुठे त्यांचा विश्वास बसला. मग ते परत स्टुलावर बसले आणि नणंदेच्या दोन्ही मुलांना थांबायला लावून आणखी एकदा शनी पाहून घेतला.

आता तुमची पाळी

सुरुवात चंद्रापासून करा, पण पौर्णिमेला नको. अष्टमीच्या आसपास उजेड आणि अंधाराच्या सीमेवर विवरांच्या सावल्या लांब पडतात, तेव्हा चंद्र सर्वांत देखणा दिसतो. मग गुरू, शुक्राच्या कला, हिवाळ्यात कृत्तिका आणि मृग नक्षत्रातला तेजोमेघ. शनीची कडी २०२५ च्या मार्चमध्ये आपल्या नजरेच्या रेषेत आली होती, त्यामुळे त्या वर्षी ती सुईसारखी बारीक दिसली. येत्या काही वर्षांत ती पुन्हा रुंद होत जाणार आहेत. म्हणजे दुर्बीण करायला ही वेळ चांगली आहे.

अडलात तर विचारायला माणसे आहेत. पुण्यातली ज्योतिर्विद्या परिसंस्था १९४४ पासून हौशी निरीक्षकांना एकत्र आणते आहे, मुंबईत खगोल मंडळ आहे, आणि अनेक शहरांत तारांगणे आणि आकाशप्रेमींचे गट आहेत. आपल्या भिंगाचा फोटो काढण्यापेक्षा भिंगच घेऊन जा. दिव्याच्या प्रतिबिंबांवरून जाणकार मिनिटभरात त्याची जात सांगतात.

आमचा एकूण खर्च साडेचार हजारांच्या आत बसला, त्यात सर्वांत महाग नेत्रिका आणि आरसा. भिंगाचे ६०० रुपये मी कधी मोजत नाही. बाबा अजूनही रविवारी जुन्या बाजारात जातात. फरक एवढाच की आता पिशवी उघडताना आम्ही सगळे भोवती जमतो.